शिरस्तेदारांची फियाट

संस्थाने खालसा झाली, गाद्या गेल्या, पुढे तनखेही गेले. परंतु संस्थानी कचेरीत ज्यांची हाडे मुरली त्या कारकुनी मंडळींच्या मनातील दरबार बरखास्त करण्याचा हुकूम मात्र कोणत्याही सरकारने अद्याप काढलेला नाही. असा निवृत्त गृहस्थ प्रत्येक जुन्या राजधानीत एक तरी आढळतो. भोरास तो नळाच्या तोटीशी भांडतो, फलटणास पंचांगाशी; औंधास मात्र दैवयोगाने त्याच्या हाती जुनी मोटार सापडली आहे, आणि तिच्या बॉनेटखाली तो आपली कचेरी पुनश्च कशी भरवितो हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने रहिमतपूर स्टेशनावर उतरून, एस.टी.ने औंध गाठून, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी कोणालाही 'शिरस्तेदारांचा वाडा' विचारावा. वाडा सांगणारा मनुष्य वाट दाखविण्यापूर्वी एकदा हसतो, त्यावरून आपण योग्य ठिकाणी चाललो आहो असे समजावे.

वास्तविक शिरस्तेदार हे शिरस्तेदार कधीच नव्हते. संस्थानच्या अखेरच्या दिवसांत ते उमेदवार कारकून म्हणून चिकटले, ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले तेव्हा दप्तरातील रुमालांबरोबर तेही नव्या सरकारच्या ताब्यात गेले, आणि महसूल खात्यात इमाने इतबारे कलम चालवून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झाले. पण ज्या पदाची स्वप्ने तरुणपणी पाहिली ते पद सरकारने न दिले तरी गावाने दिले. त्यांच्या बोलण्यात 'म्हणून' हा शब्द येत नाही, 'सबब' येतो. त्यांच्या घरी चहा होत नाही, 'रुजू' होतो. आणि पुतण्याने परीक्षेत नापास होण्याचे कारण सांगितले तर ते 'खुलासा असमाधानकारक' असा शेरा मारून पानावरून उठतात. मोटारीसाठी त्यांनी एक स्वतंत्र बारनिशी ठेविली आहे. तीत पेट्रोल आवक आहे, धूर जावक आहे, आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येक बिघाडाचा 'चौकशीअंती निष्कर्ष' आहे.

मोटार कऱ्हाडच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून घेतलेली. मुंबईकर जिला 'डुक्कर फियाट' म्हणतात ती ही अकराशे. तोंड पुढे काढलेली, पुढची दारे नेहमीच्या उलट दिशेला उघडणारी, इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे. मुंबईच्या पाहुण्याने ते लोकप्रिय नाव शिरस्तेदारांसमोर एकदा उच्चारले, तेव्हा त्यांनी शांतपणे, परंतु पाहुण्याचा चहा थोडा लांबणीवर टाकून, वराह हा विष्णूचा तिसरा अवतार असल्याचे निदर्शनास आणले. तेव्हापासून घरात तिला 'वराहमुखी' म्हणतात. दारांच्या उलटेपणाचा त्यांना अभिमान आहे. आतील मनुष्याला उतरताना आधी पाऊल, मग गुडघा आणि शेवटी मस्तक या क्रमाने प्रकट व्हावे लागते, आणि दरबारी इतमामाला हे शोभून दिसते, असे त्यांचे म्हणणे. रस्त्याने जाताना तेच दार वाऱ्याने एकदा उघडले होते, त्याची नोंद बारनिशीत 'वायुप्रकोप' म्हणून झालेली आहे.

त्यांचे विजेचे ज्ञान अपुरे आहे असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. ठिणगी कशी पडते हे ते कोणाही कॉलेजकुमारापेक्षा स्पष्ट सांगतात. फक्त सांगण्याची परिभाषा मुलकी खात्याची असते. बॅटरी म्हणजे हुजूर. हुजुरांची आज्ञा बारा व्होल्टांची. शब्द मोजका, आवाज खालचा. किल्लीचा स्विच हा देवडीवरचा पहारेकरी. त्याने सोडल्यावाचून आज्ञा पुढे सरकत नाही. पुढे कॉइल, म्हणजे दिवाण. हुजुरांच्या त्या बारा व्होल्टांवर दिवाणांची मखलाशी झाली की तिचे वजन पंधरा-वीस हजार व्होल्टांचे होते. आणि त्यातली खुबी अशी की हे वजन प्रवाह वाहत असताना चढत नाही, पॉइंट उघडून प्रवाह तोडला जातो त्या क्षणी कॉइलमधील चुंबकत्व कोसळते आणि तेव्हा चढते. कोणाची वेतनवाढ तहकूब होताक्षणी कचेरीत ठिणगी कशी पडे, याचा अनुभव असल्यामुळे हे तत्त्व त्यांना पुस्तकाशिवाय समजले. कंडेन्सर हा मध्यस्थ कारभारी. पॉइंट उघडताना उसळणारा क्षोभ त्याने पोटात घ्यावयाचा, नाही तर पॉइंटचे तोंड भाजते. डिस्ट्रिब्युटर हा मामलेदार, रोटर त्याचा फिरता शिपाई. आणि सरतेशेवटी चार प्लग, म्हणजे चार गावचे कुळकर्णी; प्रत्यक्ष काम करणारे तेवढेच. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असता या चौघांनी मिळून दर सेकंदास शंभर ठिणग्या पाडावयाच्या असतात, आणि त्याबद्दल त्यांना कोणी शाबासकी देत नाही.

हे सारे यथास्थित जाणणारा मनुष्य गाडी सुरू न झाल्यास काय करील? जो कोणी मिस्त्री असेल तो प्रथम बॅटरीपाशी जाईल, तिच्या दोन टोकांवरच्या पकडी हाताने हलवून पाहील, तिथून इंजिनाला आणि सांगाड्याला जाणाऱ्या तारा चाचपील, आणि मगच पुढे सरकेल. कारण उगमाशी पाणी नसेल तर पाटाचे बारे उकरण्यात अर्थ नाही. शिरस्तेदार नेमके उलट जातात. त्यांची चौकशी नेहमी कुळकर्ण्यांपासून सुरू होते.

आधी चारही प्लग काढून अंगणातल्या पाटावर अनुक्रमाने मांडले जातात. शिरस्तेदार कोट घालतात, चष्मा पुसतात आणि एकेकाचा इजहार घेतात. ज्याचे तोंड काळे त्याच्यावर अधिक पेट्रोल खाल्ल्याचा आरोप. ज्याचे पांढरे त्याच्यावर उपासमारीचे ढोंग केल्याचा. आणि ज्याचे तोंड विटकरी, म्हणजे शास्त्राप्रमाणे प्रकृती उत्तम, त्याच्याकडे ते सर्वांत अधिक संशयाने पाहतात, कारण नोकरीच्या उभ्या आयुष्यात ज्याचे दप्तर अगदी साफ निघाले त्याच्याकडेच शेवटी अफरातफर सापडली असा त्यांचा अनुभव आहे. पॉलिश पेपरने तोंडे घासली जातात, फटी पत्र्याने मोजल्या जातात, आणि मग येते ती प्रत्यक्ष ठिणगीची परीक्षा. या परीक्षेत प्लगची तार काढून तिचे टोक इंजिनाच्या लोखंडापासून पाव इंचावर धरावयाचे, आणि दुसऱ्याने सेल्फ मारावयाचा. निळी ठिणगी कडकडून पडली तर प्लगपर्यंतचा मुलूख निर्दोष. सेल्फ शिरस्तेदार मारतात. तार धरण्याचा मान पुतण्याकडे असतो.

"बाळ, घट्ट धर. रबर आहे त्याला."

"काका, रबराला चीर गेलीय."

"चिरेचा उल्लेख पंचनाम्यात आहे. धर."

यानंतर ठिणगी पडते खरी, परंतु ती लोखंडात पडली की पुतण्यात याविषयी एकवाक्यता होत नाही. तो तीन हात मागे उडतो, काकू ओसरीवरून "अहो, पोराला मारता का काय?" म्हणून ओरडतात, आणि शिरस्तेदार बारनिशीत लिहितात: 'ठिणगी समाधानकारक. साक्षीदार घाबरट.'

याच चौकशीच्या भरात त्यांनी एकदा सुधारणाही करून पाहिली. या इंजिनातील चार नळकांड्यांना ठिणगी मिळण्याचा क्रम एक, तीन, चार, दोन असा असतो. दांड्यावरील धक्के समतोल राहावेत म्हणून कर्त्याने तो तसा बांधलेला. शिरस्तेदारांना हा क्रम प्रथम ध्यानात आला त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. दुसऱ्या क्रमांकाचा इसम सेवाज्येष्ठतेने पुढे असता त्याला चौथ्याच्याही मागे टाकणे ही उघड उघड वशिलेबाजी होती, आणि कऱ्हाडच्या कोणा मिस्त्रीने लाच खाऊन ती केली असावी असा त्यांचा तर्क धावला. पहाटे उठून, बारा सूर्यनमस्कार घालून (हे व्यसन औंधच्या शाळेत शिकलेल्या त्या पिढीला सुटत नाही, कारण राजेसाहेबांनीच ते लावलेले), त्यांनी तारा एक, दोन, तीन, चार अशा न्याय्य क्रमाने जोडल्या आणि सेल्फ मारला. चौघांपैकी एकट्या पहिल्याला आपल्या वेळेवर ठिणगी मिळाली; उरलेल्या तिघांना भलत्याच वेळी; आणि सायलेन्सरातून जो बार निघाला त्याने वाड्याच्या आढ्यावरची पारवी उडाली, समोरच्या गोठ्यातील म्हैस दावे तोडून बाजारपेठेपर्यंत गेली, आणि कोपऱ्यावरचा वयोवृद्ध न्हावी, ज्याने राजेसाहेबांच्या वाढदिवसाच्या तोफा ऐकल्या होत्या, तो सवयीने उठून उभा राहिला. तारा संध्याकाळपर्यंत पूर्वस्थळी गेल्या. 'दुसऱ्या क्रमांकाने आपला हक्क खुशीने सोडला,' अशी नोंद आहे.

प्लगांवर गुन्हा शाबीत झाला नाही की चौकशी एक पायरी वर चढते. पॉइंट घासले जातात, कंडेन्सर बदलला जातो, डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात ओलावा असल्याचा ठराव होतो. खटाव तालुक्यात, जेथे आभाळाकडे पाहता पाहता माणसांच्या माना आखडल्या, तेथे ओलावा हे कारण देण्यास धैर्य लागते. ते शिरस्तेदारांपाशी आहे. ओलावा पटला नाही तर उंदीर. मध्यंतरी गाडीच्या वायरिंगने काही अद्भुत चमत्कारही करून दाखविले. डाव्या वळणाचा सिग्नल द्यावा तो मागचा लाल दिवा मिचकावे. हॉर्न दाबला की पुढचे दिवे मंद होत. आणि चक्र उजवीकडे पुरते वळविले म्हणजे हॉर्न आपण होऊन वाजे, त्यामुळे औंधच्या प्रत्येक उजव्या वळणावरच्या घरांना शिरस्तेदार आल्याची वर्दी आपोआप मिळे. जाणत्यांना ठाऊक आहे की दिव्याची जमिनीकडची वाट, ज्याला मिस्त्री लोक 'अर्थ' म्हणतात ती, गंजाने अडली म्हणजे वीज परत जाण्यासाठी शेजारच्या दिव्यातून चोरवाट काढते. शिरस्तेदारांनी हे प्रकरण 'खातेबाह्य संगनमत' या मथळ्याखाली बंद केले.

दिवाणापर्यंत, म्हणजे कॉइलपर्यंत, चौकशी क्वचित जाते. आणि गेलीच तर भाषा अत्यंत अदबीची होते. त्यापुढे मात्र ती कधीच गेलेली नाही. बॅटरीला हात लावण्याची कोणास मुभा नाही. तिच्यात दर पंधरवड्याला शुद्ध पाणी शिरस्तेदार स्वतः सोवळ्याने घालतात, खंडेनवमीला तिला झेंडूची माळ आणि हळदकुंकू असते, तिच्या पितळी पकडींवर हिरवट-पांढऱ्या पुडीचा बोटभर थर साचला आहे, आणि तो ऊन पाण्याने धुऊन वर व्हॅसलीनचे बोट फिरवावे असे मिस्त्री दर वेळी सांगतो, तेव्हा ते "बेअदबी!" एवढेच म्हणतात.

औंधातच हे व्हावे, याचे नवल वाटते. ज्या गावच्या राजाने, भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, १९३९ साली कोणी मागण्याची वाट न पाहता आपला अधिकार प्रजेच्या स्वाधीन केला, ग्रामपंचायतीवर तालुका आणि तालुक्यावर विधिमंडळ अशी खालून वर रचलेली घटना दिली, आणि तीसाठी पुत्र आप्पासाहेबांसह महात्माजींचा सल्ला घेतला, ते हे गाव. इतकेच नव्हे, या घटनेच्या कामात ज्याचा हात होता तो मॉरिस फ्रीडमन, भारतानंद म्हणूनही ओळखला गेलेला पोलंडचा गृहस्थ, मुळात विजेचा इंजिनिअर होता. बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्याचा कारभार सोडून तो इकडे आला. आटपाडीकडे स्वतंत्रपूर येथे खुनाच्या कैद्यांना भिंतीवाचून ठेवण्याचा प्रयोग याच संस्थानाने केला. यंत्राचेही या मुलखाला वावडे नव्हते. कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली जागा मिळाली ती याच गादीकडून, आणि त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. एवढे सारे डोळ्यांसमोर घडलेल्या गावात जन्मून एका बॅटरीला जाब विचारण्याची छाती आपल्याला होऊ नये काय, असे कोणी एकदा शिरस्तेदारांना विचारलेही. त्यांनी उत्तर दिले, "ते हुजुरांनी दिले. आम्ही मागितले नव्हते." हे उत्तर मला त्यांच्या चरित्राची गुरुकिल्ली वाटते, अर्थात फियाटची किल्ली निराळी.

हुजुरांच्या निर्दोषत्वाचा त्यांच्यापाशी एक पुरावाही होता, आणि तो लेचापेचा नव्हता. गाडी सेल्फने सुरू होत नसे, पण उतारावरून सोडली की दहा-वीस हात गेल्यावर दुसऱ्या गिअरात हुंकार देऊन सुरू होई. म्हणूनच ती वाड्यात न ठेवता, भवानी संग्रहालयाकडे चढणाऱ्या रस्त्यावर, चाकाखाली धोंडा देऊन उभी केलेली असे. रविवर्म्याची चित्रे पाहून उतरणारे प्रवासी तिच्याकडेही क्षणभर थांबून पाहत. "हुजूर खोटे असते," शिरस्तेदार विचारीत, "तर उतारावर ठिणगी कोठून येती?" या प्रश्नाला गावातील वकिलांपाशीही उत्तर नव्हते.

उत्तर मिळाले ते पौषात, यमाईच्या यात्रेच्या दिवसांत. पुण्याहून जावई येणार, त्यांना रहिमतपूरहून आणावयाचे, आणि रस्ता माणसांनी व बैलगाड्यांनी असा फुलून गेलेला की उतारावरून मोटार सोडणे म्हणजे सदोष मनुष्यवधाची तयारी. निरुपायाने वडूजचा मिस्त्री, जो यात्रेला नारळ फोडण्यास आला होता, त्याला पाचारण झाले. शिरस्तेदार चक्रापाशी बसले, थंडी म्हणून चोक पुरता ओढला, आणि सेल्फ दाबला. 'कट्' असा एकच आवाज आला. पुन्हा दाबला. पुन्हा 'कट्'. तिसऱ्यांदा दाबून धरला, तो चोकच्या बोंडाशी पातळ धुराची रेघ निघाली, आणि शिरस्तेदार "अगाई!" म्हणून हात झटकीत, दाराच्या उलटेपणामुळे आधी पाऊल, मग गुडघा आणि शेवटी मस्तक या क्रमाने बाहेर पडले. दोन बोटांना फोड आले होते.

"सापडला!" ते म्हणाले. चेहऱ्यावर वेदनेपेक्षा समाधान अधिक होते. "चोक. इतकी वर्षे हा आतून सारे पोखरत होता. रंगेहाथ पकडला."

"हात तुमचा रंगला, रावसाहेब," मिस्त्री म्हणाला आणि गाडीखाली शिरला. त्याने मग पुढचे दिवे लावविले, सेल्फ दाबविला, दिवे काही मंद झाले नाहीत, तेव्हा तो इंजिनाच्या बाजूला बोट करून सांगू लागला. "बॅटरीत जीव हाय. पण इंजान बसलंय रबरावर. त्याला बॉडीशी जोडणारी ही तांब्याची पट्टी. हिच्या बुडाला गंज, वरनं रंग. कॉइलला करंट लागतो तीन-चार अँपिअरचा, तेवढा कुठनंबी सरकतो. म्हणून उतारावर चालू व्हायची. सेल्फला शे-दीडशे लागतो. त्याला परतायला वाट नको का? मग तो आला चोकच्या तारेतनं, कार्बोरेटरवरनं डॅशबोर्डात. तार आपली केसाएवढी. तापंल न्हाई तर काय करंल बिचारी? दुसऱ्याचं वझं तिच्या गळ्यात."

शिरस्तेदारांनी हे सारे शांतपणे ऐकून घेतले. पट्टी बॅटरीच्या दरबारातील. तिचा संबंध थेट हुजुरांशी. म्हणजे प्रकरण जेथे कधी जाऊ नये नेमके तेथे चालले होते. मिस्त्रीने तोवर पाना लावून पट्टीचा बोल्ट सोडविला, खालचा रंग पॉलिश पेपरने तांबूस होईपर्यंत घासला, बोल्ट आवळला, जाता जाता कोणास न विचारता किटलीतले ऊन पाणी बॅटरीच्या पकडींवर ओतून ती हिरवी पूड धुऊन काढली (शिरस्तेदारांनी या वेळी तोंड देवीच्या डोंगराकडे वळविले होते), आणि सेल्फ दाबला. पहिल्याच फटक्याला वराहमुखी सुरू झाली. चारही कुळकर्णी एक, तीन, चार, दोन या क्रमाने कामाला लागले. डावा सिग्नल दिला तेव्हा मागचा लाल दिवाच मिचकावला, कारण त्या दिव्याचा गंज निराळा होता आणि त्याची चौकशी यथावकाश व्हावयाची होती. जावई वेळेवर पोहोचले.

रात्री बारनिशी उघडली. एका बोटाला पट्टी, दुसऱ्याला तूप, अशा स्थितीत शिरस्तेदारांनी वळणदार अक्षरांत निष्कर्ष लिहिला: 'चोकची तार, हिने वरिष्ठांची परवानगी न घेता आपल्या पात्रतेबाहेरील भार वाहून अधिकाराचा अतिक्रम केला, सबब बडतर्फ. तांब्याची पट्टी व बॅटरी यांजविरुद्ध कोणतीही तक्रार दप्तरी दाखल नाही.' आता पट्टीविरुद्ध तक्रारच नाही म्हटल्यावर पट्टी घासल्याची मजुरी मंजूर कोणत्या सदराखाली करावयाची? तीही अडचण अर्ध्या तासाच्या विचारांती दूर झाली. मिस्त्रीचे पैसे 'चोकची तार बदलणे' या सदरी खर्ची पडले. आणि तार प्रत्यक्षात बदललेली दिसत नाही, याबद्दल आठ दिवसांत लेखी खुलासा करावा, अशी विचारणा दुसऱ्या दिवशीच्या टपालाने वडूजला गेली.